मौन पाळताना मुलं हसतात, मग जवानांचं बलिदान शिकवायचं कसं?

या आठवड्याचं पत्र:

"नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये आठवीचा वर्गशिक्षक आहे. यंदा २६ जुलैला, कारगिल विजय दिवसाला, आम्ही परिपाठात दोन मिनिटं मौन ठेवलं तर मागच्या रांगेतली पोरं खुदुखुदु हसायला लागली. नंतर मुलांनी नाटुकलं केलं, त्यात जवानाला गोळी लागते आणि तो तिरंगा धरून पडतो, त्यावर जोरात टाळ्या पडल्या आणि नेमकी त्याच वेळी माझ्या वर्गातली एक मुलगी उठून बाहेर गेली. तिचे वडील सध्या सीमेवर आहेत. आता मुख्याध्यापक म्हणतात की २६ जानेवारीला शेजारच्या गावच्या वीरपत्नींना बोलवू, त्या मिस्टरांची गोष्ट सांगतील, मुलांवर परिणाम होईल. मला हे कुठेतरी खटकतंय पण का ते नीट सांगता येत नाही. मुलांना हे शिकवायचं कसं? आणि हसणाऱ्या पोरांना शिक्षा करू का? – एक शिक्षक"

सर, नमस्कार.

पत्रात तुम्ही बरंच विचारलंय पण मी त्या मुलीपासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं पुढच्या महिन्यात केलं तरी चालेल, तिच्याशी मात्र या आठवड्यात बोलायला हवं.

तिच्यासाठी ते नाटुकलं नव्हतंच हो. फौजीच्या घरातल्या मुलांना काय काय माहीत असतं याचा आपल्याला अंदाज नसतो. वर नेटवर्क नसलं की दोन-दोन तीन-तीन दिवस फोन येत नाही, टीव्हीवर चकमकीची बातमी लागली की घरातलं कुणीतरी पटकन चॅनेल बदलतं, आजी देवासमोर जरा जास्तच वेळ बसते आणि आई काहीच झालं नाही असं दाखवत पोळ्या लाटत राहते, आणि मूल हे सगळं बघत असतं. त्यात शाळेत तिच्याच वर्गातला मुलगा वडिलांसारखाच ड्रेस घालून स्टेजवर मरून पडतो आणि सगळी शाळा टाळ्या वाजवते. ती बाहेर गेली ते बरोबरच केलं, आणि हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर बोलावून नाही, मधल्या सुट्टीत जाता जाता, दोन वाक्यांत. तिच्या आईशीही बोला. पुढच्या प्रत्येक कार्यक्रमाआधी त्यात काय काय असणार ते तिला आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि नको वाटलं तर लायब्ररीत बसायची मोकळीक द्या. आणि कृपा करून "हिचे बाबा देशासाठी लढतायत, टाळ्या वाजवा" असं म्हणून तिला उभं करू नका, तिला स्वतःला हवं असेल तर गोष्ट वेगळी. सीमेवर काही घडल्याची बातमी आली की त्या दिवशी वर्गावर जरा लक्ष ठेवा, पोरं वाईट हेतूने नाही बोलत पण "तुझे बाबा तिथंच आहेत ना गं?" असं पटकन विचारून जातात.

मरण्याचा सीन बंद करा, पूर्ण बंद. मुलांना त्यातून कळतं एवढंच की पडताना कसं पडायचं आणि टाळी कधी येते. नाटक करायचंच असेल तर रामा राघोबा राणे यांचं करा. कारवारजवळच्या चेंडिया गावचे, बॉम्बे सॅपर्सचे (सैन्यातल्या इंजिनीअर दलाचे) सेकंड लेफ्टनंट, म्हणजे ज्यांचं सेंटर आपल्या पुण्यात खडकीला आहे ती पलटण. एप्रिल १९४८, नौशेरा ते राजौरी रस्ता, शत्रूने सुरुंग पेरून आणि झाडं पाडून वाट अडवलेली, आणि मागे आपले रणगाडे खोळंबलेले. ८ एप्रिलला काम सुरू होतंय तोच मॉर्टरचा मारा झाला, त्यांची दोन माणसं गेली, काही जखमी झाली आणि जखमींमध्ये राणे स्वतः होते. तरी हा माणूस रणगाड्याच्या खाली शिरला, रणगाडा जसा पुढे सरकेल तसा खालून सरपटत राहिला आणि दोरीने आतल्या ड्रायव्हरला खुणा करत त्याला सुरुंगांमधून पार नेलं, आणि पुढचे तीन दिवस हेच, अडथळा काढ, पुढे सरक. त्यांना परमवीर चक्र मिळालं आणि ते बघायला ते जिवंत होते.

आता हे वर्गात करून बघा. एक लांब बाक म्हणजे रणगाडा, वर बसलेल्या मुलाचे डोळे बांधायचे, खाली एक मुलगा आडवा, हातात दोरी, एक ओढ म्हणजे थांब आणि दोन म्हणजे पुढे, जमिनीवर खडूने गोल काढायचे तेच सुरुंग, आणि चार-पाच पोरांनी बाक हळूहळू ढकलायचा. दहा मिनिटांत वर्ग आपोआप गप्प होतो, कारण खाली आडवं पडून वरच्याचा जीव आपल्या हातातल्या दोरीवर आहे हे अंगाला कळतं, ते भाषणातून नाही कळत. जिवंत परतलेल्या सैनिकाची गोष्टही बलिदानाच्याच धड्यात येते, आणि शाळेत आपण ती जवळपास सांगतच नाही.

तसंच मुलांना वाटतं की फक्त गोळी लागून गेलेलाच वीर. सियाचीनवर १९८४ पासून आपले जवान आहेत आणि तिथे गोळीबारापेक्षा थंडी, हिमकडे आणि विरळ हवा यांनीच जास्त जीव घेतलेत. ज्याचा मुलगा हिमकड्याखाली गेला त्या बापाला गावात कुणीतरी विचारतं, "म्हणजे लढाईत नाही ना गेला?" असं विचारणारी माणसं आपल्या वर्गातून तयार होऊ नयेत एवढं तरी आपल्या हातात आहे.

आता हसण्याचं. शिक्षा करू नका. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना चारशे जणांत एकदम गप्प उभं केलं आणि मनात धरायला काहीच दिलं नाही तर हसू येणारच, ते अपमान म्हणून हसत नाहीत, अवघडून हसतात. "देशासाठी प्राण देणाऱ्या सर्व ज्ञात-अज्ञात वीरांना" म्हटल्यावर मुलाच्या डोळ्यासमोर कोण येणार? कोणीच नाही. मौनाच्या आधी एका माणसाचं नाव घ्या. नाव, गाव, वय, कुठे होता, काय करत होता, घरी कोण होतं, बस पाच-सहा वाक्यं, आणि ती त्या मागच्या रांगेतल्याच एखाद्या पोराला आदल्या दिवशी देऊन घरी वाचून यायला सांगा. मग तीस सेकंद मौन. दोन मिनिटं पाहिजेतच असं काही नाही, तीस सेकंद मनापासून गप्प राहिलेलं बरं. आणि मौन चालू असताना शिक्षकांनी मोबाईलवर फोटो काढत फिरू नये, हे मी सगळ्याच शाळांना सांगते, मुलं हसतात त्याचं निम्मं कारण तेच असतं!

माझं म्हणणं खरं तर या नावापाशीच आहे. मुलांना आकडे पाठ असतात. कारगिलमध्ये ५२७ जवान गेले, स्पर्धापरीक्षेसारखं धाडकन सांगतात. पण त्यातल्या एकाचं नाव विचारा, एकाचं गाव विचारा.

नाव जाणं म्हणजे काय हे तुमच्या जिल्ह्याइतकं क्वचितच कुणाला कळेल. अपशिंगे मिलिटरी तुमच्याच जिल्ह्यात, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले. सातारा, रत्नागिरी, रायगड अशा कितीतरी ठिकाणी चावडीवर किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेली संगमरवरी पाटी सापडते, १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके गेले आणि त्यातले इतके मेले, आणि अशा बऱ्याच पाट्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे. ते बहुतेक गेले मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. कूत-अल-अमाराला डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांनी जो वेढा घातला त्यात इंग्रजांच्या सैन्याची ६ वी पूना डिव्हिजन अडकली होती आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. अन्न संपलं, घोडे कापून खायची वेळ आली, आणि शरण गेल्यावर वाळवंटातून पायी चालवत नेलं त्यात कित्येक वाटेतच गेले. तिकडे बसऱ्याला पुढे जे मोठं स्मारक उभारलं त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, पण साध्या हिंदी शिपायांची नाही, त्यांचे पलटणवार आकडे घातले. गावातल्या पाटीवरही आकडा आणि बसऱ्यातल्या भिंतीवरही आकडा. ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने अशा भेदभावाबद्दल २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली, म्हणजे शंभर वर्षांनी.

आणि याच्या शेजारी दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक ठेवून दाखवा. २५ फेब्रुवारी २०१९ ला ते सुरू झालं तेव्हा त्याच्या त्याग चक्रात २५,९४२ नावं होती, हवालदार असो की मेजर, प्रत्येकाचं नाव कोरलेलं. दोन्हीचे फोटो शेजारी शेजारी ठेवा आणि मुलांना विचारा काय फरक दिसतो. उत्तर देऊ नका, बोलू द्या त्यांना.

मग कामाला लावा. एक वर्ग, एक नाव. गावातला किंवा पंचक्रोशीतला एकच जवान घ्यायचा, १९६२ चा असेल, ६५ चा, ७१ चा, कारगिलचा, कुठलाही, आणि वर्षभर त्याचा शोध घ्यायचा. शौर्य पदक मिळालं असेल तर सरकारच्या गॅलंट्री अवॉर्ड्स पोर्टलवर त्याची हकीकत मिळते, आणि तुमच्या शाळेत वीरगाथा प्रोजेक्ट, म्हणजे वीरांवर मुलांनी लिहायचा सरकारी उपक्रम, होतच असेल, २०२१ पासून चालू आहे, तर त्यातही नेटवरून उतरवून काढलेल्या निबंधापेक्षा हाच माणूस घाला. महायुद्धातला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हजच्या वेबसाईटवर शोधता येतं, स्पेलिंग इंग्रजांनी वाटेल तसं लिहिलेलं असतं त्यामुळे एकाच नावाची चार-पाच स्पेलिंगं टाकून बघावी लागतात, पोरांना हे काम भारी आवडतं. जुनी पाटी वाचता येत नसेल तर सकाळी उन्हं तिरपी असताना फोटो काढा किंवा अंधारात बाजूने टॉर्च धरा, बुजलेली अक्षरं उठून दिसतात. पाटी स्वच्छ करायची तर नुसतं पाणी आणि मऊ ब्रश, ॲसिड नाही, आणि गावातल्या उत्साही मंडळींना अक्षरांत ऑइलपेंट भरू देऊ नका.

पण सगळ्यात मोठा खजिना तुमच्या ऑफिसच्या कपाटात असतो, तो म्हणजे जनरल रजिस्टर. तुमचं हायस्कूल नवीन असेल तर गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जा. त्या जवानाने पहिलीत नाव घातलं त्या दिवशीची ओळ तिथे असते, वडिलांचं नाव, जन्मतारीख, शाळा कधी सोडली, कशामुळे सोडली. तुम्ही आधी एकट्याने बघा, जात वगैरे रकाने झाकून फक्त ती ओळ मुलांना दाखवा. ज्या रजिस्टरमध्ये आपलं नाव आहे त्यातच त्याचं आहे हे बघून आठवीतलं पोर ज्या नजरेने तुमच्याकडे बघतं ना, ते एकदा बघाच सर. त्यानंतर त्याच्या बरोबरीने शिकलेले म्हातारे शोधायचे, पारावर बसलेले पेन्शनर फौजी शोधायचे, आणि "तो शाळेत कसा होता" हे विचारायचं. खोडकर होता, गणितात नापास झाला होता, कबड्डीत पकडीला कोणाला ऐकायचा नाही, हे सगळं वर्गाच्या हस्तलिखितात येऊ दे. गुळगुळीत वीरपुरुष करू नका त्याचा.

मुलं अवघड प्रश्न विचारतील. महायुद्धाचं काढलं की हमखास विचारतात, ते तर इंग्रजांसाठी लढले मग आपण का आठवायचं? दाबू नका हा प्रश्न. कोरडवाहू जमीन, डोक्यावर कर्ज, घराण्यात चालत आलेली शिपाईगिरी आणि पगाराची खात्री, यातून गेली ती माणसं, युद्ध त्यांनी ठरवलं नव्हतं. गुलामीतल्या देशातून ती गेली हेही सांगा आणि ती आपल्याच गावची होती हेही सांगा. जातीचंही लपवू नका. महार समाजाची सैन्यभरती इंग्रजांनीच बंद केली होती, पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली, महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. गावच्या यादीत सगळ्या आळ्यांतली नावं आहेत ना हे मुलांनाच तपासायला लावा, एखाद्या वस्तीवर अजून कोणी विचारायलाच गेलं नसेल.

दुसरा प्रश्न येतो शत्रूचा, "मग आपण त्यांना उडवत का नाही?" इथे मला कारगिलचीच एक गोष्ट सांगावीशी वाटते. टायगर हिलच्या लढाईत पाकिस्तानचा कॅप्टन कर्नल शेर खान मारला गेला, कर्नल हे त्याचं नावच. तो ज्या तऱ्हेने लढला ते बघून आपल्या ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवांनी त्याच्या खिशात चिठ्ठी ठेवून मग मृतदेह परत पाठवला, की हा शौर्याने लढला, याचा मान राखा. त्याला पुढे त्यांच्या देशाचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला. ज्यांनी स्वतःची माणसं तिथे गमावली होती ते हे करू शकले, तर वर्गातल्या घोषणांना थोडा आवर घालायला आपल्याला काय हरकत आहे.

आता वीरपत्नींचं. तुम्हाला खटकतंय ते योग्यच आहे. मुलांवर परिणाम व्हावा म्हणून एका बाईने माईकवर उभं राहून स्वतःचं सगळ्यात मोठं दुःख परत जगायचं, मग शाल-श्रीफळ, मग फोटो, मग पुढच्या २६ जानेवारीपर्यंत कोणी विचारायचं नाही, असं नको. आधी तुम्ही आणि एखाद्या मॅडम त्यांच्या घरी जाऊन या, कार्यक्रमाचं बोलू नका, नुसतं भेटून या. दुसऱ्या वेळी विचारा की यायला आवडेल का, आणि त्या नाही म्हणाल्या तर तिथेच थांबा, सरपंचांकरवी आग्रह नको. आल्या तर गोष्ट कुठली सांगायची ते त्या ठरवतील, मुलांना आधीच बजावून ठेवा की "कसे गेले" हा प्रश्न विचारायचा नाही. त्यांनी एकटीने घर कसं चालवलं, पेन्शनच्या कागदांसाठी किती खेटे घातले, पोरांना कसं शिकवलं, हे त्यांना सांगावंसं वाटलं तर तोही बलिदानाचाच भाग आहे, आणि मुलींना तर तो ऐकायलाच हवा.

आणि एक गोष्ट अगदी आदल्या दिवशी बसून ठरवा. पाहुण्या बायकांचं स्वागत हळदीकुंकू लावून करतात, ते ताट घेऊन शाळेतल्या दोन मुली रांगेने येतात आणि वीरपत्नींपाशी आल्या की एकतर अडखळतात किंवा कोणीतरी मागून खूण करतं आणि ताट पुढे सरकतं. जिच्या सन्मानासाठी कार्यक्रम आहे तिलाच ओलांडून. चारशे मुलं बघत असतात, आणि नंतरच्या दोन तासांच्या भाषणांपेक्षा तेच त्यांच्या लक्षात राहतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि नंतर राज्य सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितला, म्हणजे हे काही आता जगावेगळं राहिलेलं नाही. त्यांना आधी विचारा, त्यांना चालत असेल तर सगळ्यांबरोबर त्यांनाही कुंकू लावा, नसेल तर ताटच ठेवू नका, सगळ्यांना एकेक फूल द्या.

मुख्याध्यापकांना सांगायला सोपं जावं म्हणून एक सुचवते. २६ जानेवारीची घाई करण्यापेक्षा आधी ७ डिसेंबर धरा. सशस्त्र सेना ध्वजदिन, १९४९ पासून आहे, आणि शाळेत त्याचं काय होतं तर वर्गात पैसे गोळा होतात, लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन पट्ट्यांचं छोटं निशाण शर्टाला लागतं आणि विषय संपतो. मुलांना ते तीन रंग तीन दलांचे आहेत हेही माहीत नसतं. यंदा निधी गोळा करायच्या आधी सांगा की हा पैसा युद्धात जखमी झालेल्यांसाठी, गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी आणि माजी सैनिकांसाठी जातो. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला रीतसर पत्र द्या, चार-पाच मुलांना घेऊन निधी तिथे स्वतः नेऊन भरा आणि तिथल्या साहेबांना मुलांच्या प्रश्नांसाठी अर्धा तास मागा. तुमच्या वर्गाने निवडलेल्या जवानाच्या घरचं काही काम अडलंय का, कुठला कागद राहिलाय का, हेही तिथेच विचारता येईल, आणि राहिला असेल तर तो अर्ज आठवीतल्या मुलांनी तुमच्या मदतीने लिहायला काहीच हरकत नाही.